पावसाळ्यात टोप्यांना बुरशी आणि कुबट वास: दरवर्षी परत येत असेल तर हे क्रमाने तपासा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात बेसबॉल टोप्या जमवणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची जुलै संपता संपता एकच तक्रार असते. टोप्या धुतल्या, वाळवल्या, परत कपाटात ठेवल्या आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोच वास, तेच ठिपके. माझ्या आणि मित्रमंडळींच्या संग्रहांवर हे काम मी अनेक पावसाळे करत आलोय. बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं, की सगळी मेहनत टोपीवर होते आणि ती टोपी जिथे राहते त्या जागेकडे कोणी बघत नाही. बुरशी टोपीतून निघत नाही, हवेत ती असतेच. तिला ओलावा आणि खायला काहीतरी मिळालं की ती धरते. यातलं एक जरी तोडलं तरी त्रास थांबतो.

म्हणून खालच्या तपासण्या टोपीपासून सुरू होतात आणि भिंतीपर्यंत जातात. क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं.

लक्षणं

- कपाट किंवा डबा उघडल्याबरोबर कुबट वास येतो, पण टोपी हातात घेतली तर वरून काही दिसत नाही.
- आतल्या घामाच्या पट्टीवर पांढुरकी, मऊ पूड.
- गडद टोपीवर करडे-हिरवट गोल डाग, पांढऱ्या किंवा क्रीम टोपीवर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके.
- मागची पितळी बक्कल हिरवी पडलेली, बाजूच्या कापडाला तिचा डाग.
- पुढचा ताठ भाग नरम होऊन आत बसलेला, किंवा ब्रिमला, म्हणजे पुढच्या छज्जाला, लाटा आलेल्या.
- एकाच फळीवरच्या किंवा भिंतीकडच्या बाजूच्याच टोप्या खराब, बाकीच्या ठणठणीत.

हे शेवटचं लक्षण नीट बघा. टोप्या बाहेर काढताना कोणती कुठे होती ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा सगळ्या पलंगावर पसरल्या की हा पुरावा गेला, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या त्यावरच अवलंबून आहेत.

वास नाही, डाग नाहीत, पण लोकरीच्या टोपीला बारीक भोकं पडली असतील तर ती कसर आहे, बुरशी नाही. त्याला डांबरगोळ्या किंवा कडकडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला चालतो. ओला पाला ठेवू नका, त्याने ओलावा वाढतो. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, ओलावाही शोषला जात नाही. त्या फक्त कुबट वास झाकतात आणि खरा त्रास आणखी महिनाभर लक्षात येत नाही.

पहिली तपासणी: ते पांढरं म्हणजे मीठ की बुरशी?

टोपी उलटी करून मोबाइलचा टॉर्च पट्टीवर आडवा धरा, वरून सरळ नको. घामाचं मीठ असेल तर भरतीची खूण असावी तशी नागमोडी, स्पष्ट कडेची पांढरी रेघ दिसते आणि ती कापडाला चिकटून असते. बुरशी असेल तर पूड कापडाच्या वर उभी राहिलेली दिसते, कडा धूसर असते आणि शिवणीच्या खोबणीत ती जास्त दाटते. खात्रीसाठी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून एका जागी टेकवा. मीठ विरघळून दिसेनासं होतं. बुरशी पसरते, बोळ्याला करडा रंग लागतो आणि वास लगेच वाढतो.

हे आधी करायचं कारण म्हणजे मीठ असेल तर साध्या पुसण्यावर भागतं, घरभर शोधाशोध करायची गरज नाही. पण मीठ निघालं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते का, ते पुढच्या तपासणीत येतं.

दुसरी तपासणी: घातलेल्या टोप्या न पुसता ठेवल्यात का?

खराब झालेल्या टोप्यांचा एक ढीग करा, चांगल्या राहिलेल्यांचा दुसरा. पहिल्या ढिगात घातलेल्या टोप्या जास्त आणि दुसऱ्यात कोऱ्या, स्टिकरसकट ठेवलेल्या जास्त, असं असेल तर कारण सापडलं.

घामातलं तेल आणि कोंडा हे बुरशीचं खाणं. घामातलं मीठ त्याहून त्रासदायक. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता बहुतेक दिवस याच्या वरच असते. म्हणजे मीठ साठलेली पट्टी कपाटात बसल्या बसल्या ओलसर होते. पॉलिस्टर बुरशी खात नाही म्हणून ती टोपी सुरक्षित, असं पुष्कळ जण धरून चालतात. कापड खाल्लं जात नाही हे खरं, पण त्यावर बसलेला मळ खाल्ला जातो, डाग कापडावरच पडतो आणि वास शिवणीत मुरतो.

टोपी घालून घरी आलात की ती लगेच कपाटात टाकू नका. पट्टी उलटून बाहेर काढा, पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. संग्रहाला वाचवणारी सगळ्यात स्वस्त सवय हीच, आणि बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

तिसरी तपासणी: टोप्या कशात ठेवल्यात?

दुकानातून आलेली प्लॅस्टिकची पिशवी, लाँड्रीचं कव्हर, झाकणाचा घट्ट डबा. प्लॅस्टिकमध्ये ओलावा शिरत नाही हे अर्धं खरं आहे. आत जे बंद झालं तेही बाहेर पडत नाही. जुलैतल्या दमट हवेत डबा बंद केला तर तुम्ही दमट हवाच साठवली. मे महिन्यात, टोप्या कडक वाळवून, सिलिका जेल घालून बंद केलेला तोच डबा ऑक्टोबरपर्यंत उत्तम चालतो.

सिलिका जेलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे वाया जाताना फार पाहिलेत. बुटाच्या खोक्यातली चिमुकली पुडी टोप्यांच्या डब्याला पुरत नाही. पन्नासेक लिटरच्या डब्याला मी दीड-दोनशे ग्रॅम वापरतो, कापडी पुरचुंडीत बांधून. आणि ते फक्त घट्ट बंद होणाऱ्या डब्यात. लाकडी कपाटात, फटी असलेल्या दारामागे ते काही दिवसांतच भरून जातं. रंग बदलणारं घ्या. केशरी मणी हिरवट किंवा फिके पडले की साधारण 120 अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर ते आणूच नका. पाणी गोळा करणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात चालतात, पण टोप्यांच्या खालच्या फळीवर ठेवा. ते पाणी कापडावर सांडलं तर ती जागा कायम ओलसर राहते.

टोपीचा आकार राहावा म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले असतील तर ते आजच काढा. कागद ओलावा धरून बसतो आणि शाई हलक्या रंगाच्या टोपीला लागते. त्याऐवजी धुतलेल्या मलमलीचा किंवा जुन्या सुती कापडाचा गोळा ठेवा.

चौथी तपासणी: कपाटाच्या शेजारी काय आहे?

इथे फक्त घरात फिरायचं आहे. कपाटाची पाठ बाथरूमच्या भिंतीला आहे का? टोप्यांच्या हुकांशेजारी ओला रेनकोट किंवा छत्री टांगली जाते का? खोलीत पावसाळाभर कपडे वाळत घातलेले असतात का? एका खोलीत वाळणारे कपडे बरंच पाणी हवेत सोडतात, आणि ते जवळच्या कापडात, म्हणजे टोप्यांत, शिरतं. कपडे वाळवायची जागा बदलून किंवा दार लावून घेऊनच त्रास संपलेली घरं मी पाहिलीत.

पाचवी तपासणी: आर्द्रता मोजा

डिजिटल आर्द्रतामापक तीन-चारशे रुपयांपासून मिळतो. एक दिवस खोलीत मधोमध ठेवा, दुसऱ्या दिवशी कपाटात टोप्यांच्या मागे, दार बंद करून. आकडा कायम 60-65 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही. 70 च्या वर अनेक दिवस राहिला तर ती येणारच, कितीही धुवा.

खोली आणि कपाट यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखेच जास्त असतील तर खोलीची हवा दमट आहे. दुपारी दोनेक तास एसी ड्राय मोडवर चालवा आणि तेवढा वेळ कपाटाचं दार उघडं ठेवा. संग्रह मोठा असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, लागतो. तो दहा हजारांच्या पुढे जातो आणि त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते, म्हणून एक-दोन पावसाळे मोजून मगच त्याच्याकडे वळा. खोलीचा आकडा बरा आणि कपाटातला जास्त असेल तर हवा खेळत नाही किंवा भिंत ओल देतेय. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आठवड्याने पुन्हा मोजा.

कपाटात बल्ब लावून ठेवायचा जुना उपाय अजूनही सुचवला जातो. टोप्यांच्या कपाटात तो करू नका. कापड, फोम आणि प्लॅस्टिक गरम बल्बच्या वितीभर अंतरावर रात्रभर ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

सहावी तपासणी: भिंत

मुंबईत पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण बाजूने येतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती आधी बघा. पोपडे, फुगलेला रंग, पांढरे क्षार दिसतायत का? दिसत नसेल तर फॉइलची परीक्षा करा. पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन कोरड्या फडक्याने पुसलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ओलावा हवेतला आहे, म्हणजे पाचव्या तपासणीकडे परत जा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर भिंत झिरपतेय. त्या भिंतीवर किंवा तिला टेकून टोप्या ठेवायच्या नाहीत, मग वर कितीही सुंदर रॅक लावलेला असो.

खराब झालेल्या टोपीचं काय करायचं

जागेचं कारण कळल्यावरच टोपीला हात लावा. मास्क घाला, गॅलरीत जा, मऊ ब्रशने कोरडी बुरशी झटका. घरात झटकली तर ती उरलेल्या टोप्यांवर बसते. मग पट्टीवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा टेकवत जा, घासू नका. आधी आतल्या शिवणीवर रंग सुटतो का ते बघून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये अख्खी टोपी पाण्यात बुडवू नका. या हवेत ब्रिमची शिवण आणि पुढचं बक्रम (पुढचा भाग ताठ ठेवणारं आतलं जाड कापड) आतून वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि तेवढ्यात बुरशीला नवी जागा मिळते. पूर्ण धुणं मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात करा. तोपर्यंत पुसणं, अल्कोहोल आणि पंखा.

धुवायची वेळ आली की आधी कापड ओळखा. न्यू एरा या टोपी कंपनीचं 59फिफ्टी हे मॉडेल 1954 पासून बनतंय, पण अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या मैदानावर वापरल्या जाणाऱ्या टोप्या 2007 मध्ये लोकरीवरून पॉलिस्टरवर गेल्या. त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या दोन टोप्यांना दोन वेगळ्या वागणुकी लागतात. लोकर हाताला ओली न लागता स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी धरू शकते, म्हणून वरून कोरडी वाटणारी लोकरीची टोपी आतून भिजलेली असते. तिला थंड पाणी, लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण आणि कमीत कमी चोळणं. ब्लीच तर लोकरीला थेंबभरही लावू नका, त्यात लोकर विरघळते.

ब्रिम हलकेच वाकवून बघा. आताच्या चांगल्या टोप्यांत प्लॅस्टिक असतं, ते परत सरळ होतं. जुन्या टोप्यांत, आणि आपल्याकडे प्रचारात किंवा कंपनीच्या कार्यक्रमात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त टोप्यांत पुठ्ठा असतो. टिचकी मारली की पोकळ, खोक्यासारखा आवाज येतो. तो भिजला की फुगतो आणि पुन्हा सपाट होत नाही. पुठ्ठ्याची टोपी फक्त पुसायची.

वाळवताना उपडं ठेवलेलं स्टीलचं पातेलं किंवा डबा टोपीच्या मापाचा शोधा, त्यावर टोपी बसवा, पुढचा भाग बोटांनी उभा करा आणि पंख्याचा झोत खालून आत जाईल असं ठेवा. वॉशिंग मशीन आणि ड्रायर दोन्ही नको, बक्रमला कायमची घडी पडते. ऊन असेल तर टोपी आतली बाजू वर करून सकाळचं तासभर पुरे. जास्त वेळ उन्हात राहिली तर रंग उडतो, आणि तो आधी वरच्या बटणापाशी उडतो.

मांडणी बदलायची असेल तर

भिंतीवरचे हुक चालतात, पण टोपी खिळ्यावर पुढच्या भागाने टेकवू नका, तिथे कायमचा उंचवटा येतो. मागच्या पट्ट्याच्या कमानीतून अडकवा. टोपी आणि भिंत यांत बोटभर अंतर राहील असा लांब हुक घ्या. एकात एक रचून ठेवणं जागेला बरं, फक्त पाच-सहाच्या पुढे रांग नेऊ नका आणि खालच्या टोपीचा पुढचा भाग दुमडू नका. काचेच्या बंद शोकेसला मागच्या बाजूला खाली आणि वर दोन-तीन भोकं पाडून घ्या, त्यावर बारीक जाळी लावा. दिवे एलईडीच हवेत, कारण हॅलोजन कापड तापवतो आणि रंग खातो. पश्चिमेच्या खिडकीसमोर आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर काहीही लावू नका. तेलाचा चिकट थर बसला की त्यावर धूळ, आणि धुळीवर बुरशी.

पितळी बक्कल हिरवी पडली असेल तर खाली कागद सरकवून फक्त धातू पुसा. पॉलिश कापडाला लागलं तर डाग निघत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फॉइलची भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पुढचं काम वॉटरप्रूफिंगवाल्याचं आहे. आतून बुरशीरोधक रंग मारून झिरपणं थांबत नाही, एक-दोन पावसाळे फक्त दिसत नाही. काम सुरू करण्याआधी पाणी कुठून येतंय ते पक्कं करा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं संस्थेकडे येतं, आणि सदनिकेतल्या संडास, सिंक वगैरेंची आतली गळती त्या सभासदाकडे. त्यामुळे फोटोंसह लेखी अर्ज आधी द्या, पैसे नंतर घाला.

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल, स्विचला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या खोलीचा मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत टोप्या काढायलाही जाऊ नका.

बुरशी भिंतीवर किंवा कपाटाच्या आत तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा जास्त पसरली असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर खरवडायला स्वतः बसू नका. खरवडताना ती सगळ्यात जास्त उडते. कपाटाचं प्लायवूड बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर सुतार बोलवून ती पाठ बदला. त्याला पॉलिश करून काही होत नाही.

शेवटचं, सही असलेल्या किंवा जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या टोप्यांबद्दल. त्यांना पाणी, अल्कोहोल, साबण काहीच लावू नका. अल्कोहोलने सहीची शाई पसरते आणि पाण्याने जुना डिंक सुटतो. हे काम कापडाचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराचं आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशी सुरू करता येईल. तोपर्यंत ती टोपी बाकीच्यांपासून वेगळी करा, धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा, घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत उंचावर ठेवा, आणि डागांचे फोटो तारखेसकट दर आठवड्याला काढत राहा. डाग वाढतोय की थांबलाय हे जाणकार आधी विचारेल.